पलाटातल्या कोंबड्या आणि आमची वैनी

वैनी,

तू गेल्यापासून घरी येणारा प्रत्येक जण आधी दादाजवळ बसतो, दोन शब्द बोलतो आणि उठताना परसाकडे बघत मला हळूच विचारतो, "आता कोंबड्यांचं काय करणार रं?" पहिले काही दिवस मला राग यायचा. घरातलं माणूस गेलंय आणि यांना कोंबड्यांची पडलीय. मग लक्षात आलं, त्यांना तुझ्याबद्दलच बोलायचं असतं, पण सुरुवात कुठून करावी ते कळत नाही. मलाही कळत नाही. म्हणून मीही तिथूनच सुरुवात करतो.

पोशीरहून लग्न होऊन तू या घरात आलीस तेव्हा नेरळ स्टेशनच्या या अंगाला आपलं भाताचं शेत होतं. बाबांनी ते विकलं. सगळ्या भाऊबंदांनी आपापले तुकडे दिले, मग आपलाच एक मध्ये ठेवून काय करणार, असं त्यांना वाटलं. ओहोळाच्या कडेचा कोपरा मात्र त्यांनी राखला आणि आपलं घर त्यात राहिलं. पुढे बांध मोडले, खुंट्या ठोकल्या, सरळ रस्ते आखले. गावातले लोक त्या जागेला पलाट म्हणू लागले. लढाई पेटली, मुंबईवर बॉम्ब पडणार अशी आवई उठली आणि दोनतीन वर्षांत पलाटात कौलारू बंगल्या उभ्या राहिल्या. आपण जागचे हललो नव्हतो. पण चहूबाजूंनी कुंपणं आली आणि एक दिवस कळलं की आपणही आता पलाटातलेच झालो.

नव्या लोकांनी कमिटी नेमली. आप्पासाहेब तिचे अध्यक्ष. सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, रस्त्यातला कागदाचा कपटाही स्वतः उचलणारे. माणूस वाईट नव्हता. विहिरींवर रहाट त्यांनीच बसवून घेतले, मोऱ्यांचं पाणी रस्त्यावर येऊ द्यायचं नाही हा नियमही त्यांचाच. त्याच झपाट्यात त्यांनी आणखी एक नियम केला. पलाटाच्या हद्दीत कोणी कोंबड्या पाळायच्या नाहीत. कोंबड्या फुलझाडांची आळी उकरतात, विहिरीपाशी घाण करतात आणि कोंबडा पहाटेची झोप मोडतो, अशी कारणं होती.

मी तावातावानं ती कारणं तुला सांगितली. तू कण्या निवडत होतीस. म्हणालीस, "कोंबड्याचं खोटं नाय रं. तो तांबडा कोंबडा दिवस उजाडायची वाट बघत नाय. मलाच झोप लागत नाय त्याच्यापायी."

मला हसू आलं नाही. मी तेव्हा नुकताच कर्जतला वकिलांकडे कारकून म्हणून लागलो होतो आणि जगातली प्रत्येक अडचण एका चांगल्या अर्जानं सुटते असं मला वाटत होतं. आपण मूळचे जमीनवाले, आपला वहिवाटीचा हक्क आहे, मामलेदारांकडे अर्ज करू, असं मी ठरवूनच टाकलं होतं.

अर्जाची वेळच आली नाही. आप्पासाहेब स्वतः परसात आले. खुराड्यापासून चार हात दूर, नाकाला उपरणं न लावता उभे राहिले. तेवढंही मला विशेष वाटलं.

"तुम्ही इथल्या मूळच्या," ते तुला म्हणाले. "तुमच्यापुरता हा नियम आम्ही लागू करणार नाही. कमिटीत मी बोललो आहे. निश्चिंत असा."

मी हात जोडायच्या बेतात होतो. तू पदर सावरलास आणि विचारलंस, "आन गंगूताईचं काय?"

गंगूताई म्हणजे आपल्या पलीकडच्या बंगलीमागे एक खोली भाड्यानं घेऊन राहणारी विधवा. बॉम्बच्या भीतीनं गिरगावातून इकडे आली होती, बरोबर एक अशक्त मुलगी. त्या मुलीसाठी तू दोन तरण्या कोंबड्या तिला दिल्या होत्यास.

"त्या भाडेकरू आहेत," आप्पासाहेब म्हणाले. "त्यांचा प्रश्न येत नाही."

"मग माझा बी नको," तू म्हणालीस. "तुमी माझ्यासाठी शब्द टाकलात, बरं वाटलं. पण नको."

ते गेले आणि मी तुझ्यावर तुटून पडलो. आठवतं? हातात आलेलं सोडलंस, आता सगळ्याच कोंबड्या जातील, गंगूताईच्याही आणि आपल्याही, हे मी तीनतीनदा सांगितलं. तू ऐकून घेतलंस. मग म्हणालीस, "त्या पोरीला काय सांगू मी? वैनीच्या कोंबड्या चांगल्या आन तुझ्या घाण? आन दत्तू, माझ्या एकटीच्या राहिल्या तर रोज कोणाच्या तरी डोळ्यात खुपतील. चार घरांत असल्या तर कोण कोणाला बोलेल?"

यातलं कुठलं कारण खरं होतं, पहिलं की दुसरं, हे मला तुला विचारायचं होतं. आज वाटतं, तुझ्या मनात ती दोन वेगळी नव्हतीच.

दुसऱ्या दिवसापासून तू दुपारची बाहेर पडू लागलीस. भांडी घासून झाली की ओहोळाकडची अळूची पानं खुडायचीस आणि एकेका बंगलीच्या मागल्या दारी जायचीस. अंडं कधीच नेलं नाहीस. ज्या घरात चालत नाही त्या घराच्या उंबऱ्यावर ते आपण का ठेवायचं, असं तुझं म्हणणं. जाऊन कोंबड्यांची गोष्टही काढायची नाहीस. कोणाचा मुलगा लढाईवर होता, कोणाला इथलं पाणी मानवत नव्हतं, कोणाला मुंबईच्या चाळीतल्या शेजारणींची आठवण येऊन रडू यायचं. तू ते ऐकत बसायचीस. कोंबड्यांची गोष्ट त्याच काढायच्या, कारण पलाटात दुसरा विषयच नव्हता.

संध्याकाळी मी गाडीनं घरी आलो की तू सगळं मला सांगायचीस. एकीची शेवंती उकरली होती. तिला तू वचन दिलंस की दुपार टळेपर्यंत कोंबड्या बाहेर सोडणार नाही. एकीच्या विहिरीवर कोंबडी उडून बसायची. तू सगळ्यांच्या पंखांची पिसं कातरलीस. खुराड्यात रोज राख टाकायची, घाण खड्ड्यात पुरायची, खुराडं विहिरीपासून लांब हवं, असे नियम तूच एकेका दारात बसून गोळा केलेस. एक म्हातारी सोवळ्यातली होती, ती स्पष्टच म्हणाली, "आमच्यात हे चालत नाही. माझा विरोध राहणार."

तू म्हणालीस, "तुमी नका पाळू, आजी. पाळणारीला नको म्हणू नका, एवढंच."

मला हे सगळं फार सावकाश वाटायचं. माझा अर्ज मी लिहून तयार ठेवला होता. तू म्हणायचीस, "ठेव. चांगलं लिवलंस. पण मामलेदार हुकूम देऊन कर्जतला बसंल, आपल्याला ऱ्हायचंय इथं."

कमिटीची बैठक आप्पासाहेबांच्या पडवीत भरली. आत फक्त पलाटांचे मालक, म्हणजे सगळे पुरुष. दादा आला नाही. कोंबड्यांपायी माणसांशी वाकडं कशाला, एवढंच तो म्हणाला आणि कामावर गेला. त्याच्या वतीनं मी गेलो. तू, गंगूताई आणि आणखी दोघीतिघी बाहेर अंगणात उभ्या होत्या. आत कोणीतरी म्हणालं, "आपण इथं नीटनेटकी वसाहत करायला आलो, का खेड्यात राहायला?" बऱ्याच माना हलल्या. आप्पासाहेबांनी तू गोळा केलेल्या अटी वाचून दाखवल्या, प्रामाणिकपणे, एकही न गाळता. मग या अटींवर कोंबड्या ठेवू द्यायच्या का, म्हणून हात वर करायला सांगितले. आपण हरलो. थोडक्यानं हरलो, पण हरलो.

दुसऱ्या दिवशी आपण दोघं कोंबड्या घेऊन पोशीरला तुझ्या भावाकडे गेलो. तुझ्या डोक्यावर डालगं, त्यावर जुन्या लुगड्याचा तुकडा बांधलेला, आणि तांबडा माझ्या काखेत. शेताच्या वाटेनं चाललो. तुझ्या भावाच्या खळ्यात त्यांना सोडलं तेव्हा त्या इकडे तिकडे न पळता तुझ्या पायाशीच घोटाळत राहिल्या. तू खाली बघितलं नाहीस. भावजयीला म्हणालीस, "ही काळी भांडकुदळ हाय, हिला वेगळी टाक," आणि निघालीस.

मला वाटलं, संपलं. परत आल्यावर दुसऱ्या दुपारी बघतो तर तू अळू खुडतेस. ज्यांनी आपल्या विरुद्ध हात वर केला होता त्यांच्याच घरी निघालीस.

"आता कशाला?" मी चिडून विचारलं.

"बैठकीआधी गेले तवा कामासाठी आली म्हणाले असतील," तू म्हणालीस. "आज मला बघायला आली म्हणतील."

त्या पावसाळ्यात आपलं परस फार ओकं वाटायचं. आणि त्याच दिवसांत माईंचं ते प्रकरण झालं.

माई म्हणजे आप्पासाहेबांच्या पत्नी. तापातून उठल्या होत्या, पण अंगात ताकद येईना. भिंतीला धरून चालायच्या. डॉक्टरांनी दोघांच्या देखत सांगितलं की रोज एक अंडं पोटात गेलं पाहिजे. आप्पासाहेब म्हणाले, "तेवढं सोडून काय ते सांगा." माईंनी मान खाली घातली. पण दोन दिवसांनी, आप्पासाहेब पोस्टात गेलेले असताना, त्या आपल्या मागल्या दारात येऊन उभ्या राहिल्या. तू काही विचारलं नाहीस. चुलीजवळ पाट मांडलास. तुझा भाऊ पोशीरहून बाजाराला येताना अंडी आणायचा, त्यातलं एक अर्धवट उकडून, वर मीठ मिरी घालून वाटीत दिलंस. माईंनी डोळे मिटून खाल्लं, चूळ भरली आणि तुळशीचं पान मागून घेतलं. मग रोजच येऊ लागल्या. गणपतीपर्यंत त्यांच्या गालावर रंग आला.

मला हे कळलं तेव्हा मी आनंदानं उभाच राहिलो. "वैनी, जिंकलो! पुढच्या बैठकीत एवढंच सांगायचं. अध्यक्षांच्या घरातलं दुखणं कशानं बरं झालं ते विचारायचं. बघू कोण हात वर करतं!"

तू विळीवरून उठलीस. इतकी चिडलेली मी तुला कधी बघितली नव्हती. "ती बाई माझ्या चुलीपाशी येऊन बसली, दत्तू. तिचं तोंड मी बाजारात मांडू?"

"कोणाचं वाईट होणार नाही त्यात. खरं तेच सांगायचंय."

"खरं तिचं हाय. तिला वाटलं तर ती सांगंल. तू जर आत हे बोललास ना, तर कोंबड्या परत आल्या तरी मी पाळणार नाय."

मी ते कुठं बोललो नाही. पण मला ते पटलंही नव्हतं. एका बाईचा संकोच एका बाजूला, आणि गंगूताईच्या मुलीसारखी किती मुलं दुसऱ्या बाजूला. मी कितीदा तरी हा वाद उकरला. तू प्रत्येक वेळी एवढंच म्हणायचीस, "तसं जिंकायचं नाय मला."

दिवाळीनंतर नियमाचा फेरविचार व्हावा म्हणून कमिटीतल्याच काही जणांनी बैठक मागितली. त्यात आधी विरोधात गेलेलेही होते. त्यांच्या घरात काय बोलणं झालं असेल ते मागल्या दारांना ठाऊक. त्या संध्याकाळी अंगणात बऱ्याच बायका आल्या होत्या. तू त्यांना पडवीच्या पायऱ्यांवर बसवलंस. बैठक सुरू होणार एवढ्यात आतलं दार उघडलं आणि माई बाहेर आल्या. पडवीतून, सगळ्या पुरुषांमधून चालत गेल्या आणि पायरीवर तुझ्याशेजारी बसल्या.

आप्पासाहेबांनी चष्मा काढला. "तू इथं?"

"बसले आहे," माई म्हणाल्या. "चालू द्या तुमचं."

बाकी त्या एक शब्द बोलल्या नाहीत. तूही नाही. मग हात वर झाले आणि या खेपेला आपण जिंकलो. आप्पासाहेबांनी स्वतःचा हात विरोधातच वर केला. नियम मात्र आपल्या वळणदार अक्षरात त्यांनीच लिहून काढला. मालक असो की भाडेकरू, सगळ्यांना कोंबड्या पाळता येतील, अटी अमुक अमुक. आणि शेवटी मान वर करून म्हणाले, "एक अट माझी. कोंबडा नको. पलाटात बांग ऐकू येता कामा नये."

मी बोलायला तोंड उघडलं. पायरीवरून तुझा आवाज आला, "चालंल."

घरी येताना मी वाटभर भांडलो. आपली बाजू भक्कम असताना कशाला वाकायचं? कोंबड्यावाचून पिल्लं कुठून येणार? तू म्हणालीस, "पोशीरवरनं अंडी आणून बसवू. पिल्लं निघतील." आणि मग, "त्यांना एक तरी गोष्ट राहू दे रं. आज सगळंच घेतलं तर उद्या त्या माणसाला रस्त्यात कुठल्या तोंडानं भेटू?"

वैनी, यावर मी अजूनही तुझ्याशी सहमत नाही. तुला वाटत असेल, मी गेले, आता हा मऊ पडेल. नाही. तो तांबडा पोशीरला म्हातारा होऊन मेला आणि शेवटपर्यंत तुला त्याला भेटायला तिकडे जावं लागलं, याचा मला राग आहे. तू असतीस तर आज परत भांडलो असतो. तुझ्याशी भांडायला मिळणं ही माझी केवढी चैन होती, हे आता कळतंय.

पण हेही सांगतो. त्या अटीमुळेच पलाटातल्या बायका पोशीरला जाऊ लागल्या. एखादीची कोंबडी खुडूक होऊन उबवायला बसली की तू तिला बरोबर घेऊन माहेरी निघायचीस, अंडी निवडायला. गिरगावातल्या गंगूताईनं अंडं उन्हाकडे धरून बघायला तिथंच शिकून घेतलं. तिच्या मुलीचं अंग भरलं. आता ती मोठ्या शाळेत जाते आणि तुझ्या चितेला नमस्कार करायला तीही आली होती.

आणि कोंबड्यांवर मानमोडीची साथ आली ते साल. पहिल्यांदा आपल्याच खुराड्यात कोंबड्या माना टाकू लागल्या. मी म्हणालो, गुपचूप पुरून टाकू, कमिटीला कळलं तर पुन्हा बंदी येईल. तू त्याच सकाळी घरोघर सांगत सुटलीस, "माझ्याकडं रोग आलाय, तुमच्या कोंडून ठेवा, माझ्या अंगणात पाय ठेवू नका." सर्वांत आधी गेलीस ती आप्पासाहेबांकडे. तुझ्या सगळ्या मेल्या. पलाटातल्या बऱ्याचशा वाचल्या. बंदीचं नाव कोणी काढलं नाही.

भाद्रपदात तुला ताप भरला. आधी वाटलं, पावसाळी हवेचा असेल, उतरेल. मग कर्जतला नेलं, औषधं झाली, उतरला नाही. शेवटच्या दिवसांत तुला बोलायला त्रास व्हायचा. मी जवळ बसायचो आणि कचेरीतल्या गमती सांगायचो. मला सांगायचं होतं वेगळंच. आई गेल्यावर या घरात कोणी माझ्यासाठी जेवायचं थांबेल असं मला वाटलं नव्हतं, आणि तू पहिल्या दिवसापासून थांबलीस. हे एवढं वाक्य मला बोलता आलं नाही. दुसऱ्यांचे अर्ज लिहून लिहून हात इतका वळलेला, आणि घरच्या माणसापुढं जीभ वळेना.

उल्हास नदीच्या काठी तुला पोहोचवलं तेव्हा आप्पासाहेब आले होते. आता काठी टेकत चालतात. गर्दीपासून जरा बाजूला उभे होते. परत निघताना माझ्याजवळ आले.

"मला हिनं सांगितलं होतं," ते म्हणाले. हिनं म्हणजे माईंनी. "दुसऱ्या बैठकीच्या आदल्या दिवशी. तुमच्या घरी रोज जात होते म्हणाली. मला वाटलं, उद्या या बाई सगळ्यांसमोर ते काढणार. मी रात्रभर उत्तर जुळवत होतो." त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "त्या बोलल्या नाहीत. पुढंही कधी नाहीत. मी वाट बघत होतो हो. इतकी वर्षं मी वाट बघत होतो."

एवढं बोलून ते काठी टेकत निघून गेले. मी नदीकडे बघत उभा राहिलो. माईंवरून झालेला आपला तो वाद तू जिंकलीस, वैनी. मला फक्त ते तुझ्या तोंडावर कबूल करायला हवं होतं.

आज दुपारी शेलूहून एक बाई आली. तिकडे चार नवी घरं उठलीत, त्यांनीही कोंबड्या बंद करायचं काढलंय. कोणीतरी तिला नेरळला तुझ्याकडे पाठवलं. दारात उभी राहून तिनं विचारलं, "कोंबड्यांच्या वैनी हायत का घरात?" मी दादाकडे बघितलं. ओट्यावर बसलेला दादा म्हणाला, "नाय. गेली ती." बाई ओशाळून वळली. दादानं तिला थांबवलं. "बस गं. दत्तू, पाणी आण हिला." मग तिला म्हणाला, "काय झालंय ते सांग."

तिनं सांगितलं. दादानं मध्ये एकदाही न बोलता सगळं ऐकलं. शेवटी म्हणाला, "उद्या आमी येतो. मी आन हा."

बाईला हसावं की काय ते कळेना. "तुमी? बायकांशी बोलायचं काम हाय ते, दादा. बाप्यामाणसांना कसं जमंल?"

"शिकू," दादा म्हणाला.

तू गेल्यापासून तो एवढं बोलला नव्हता. आम्ही सकाळी चालत निघणार आहोत. वाटेत तो तुझ्याबद्दल काही बोलू लागला, तर मी मध्ये तोंड घालणार नाही.